पाठराखीण नव्हती ती

बाई, परवा सकाळी एक शेतकरी प्लॅस्टिकच्या पिशवीत जुने कागद घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसला. साठीचा असेल. सोबत कॉलेजात शिकणारी पुतणी. हल्ली असे लोक येतात. मोडी वाचता येणारं माणूस परंड्यात आता बहुतेक मी एकटीच उरले आहे, आणि आरक्षणाच्या दाखल्यासाठी घराण्याची कुणबी नोंद शोधायची घाई गावोगाव आहे. निजामाच्या वेळचे कागद उर्दूत असले की मी हात जोडते. मोडीतले असले की बघते. माझी अट एकच, जे लिहिलं असेल तेच सांगणार, हवं ते नाही. निम्मे लोक अट ऐकूनच उठतात. हा उठला नाही. त्यानं एक चुरगळलेला कागद मांडीवर सपाट केला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "मॅडम, जास्त तरास देत न्हाय. एवढ्या वळीत कुणबी हाय का न्हाय, तेवढं बघा."

मी भिंग आणलं. तुम्हीच दिलेलं, माझ्या लग्नात. बाकीच्या बाया पातळं आणि स्टीलचे डबे घेऊन आल्या होत्या आणि तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ते भिंग माझ्या हातात ठेवून म्हणालात, "साडी फाटेल. हे फुटेपर्यंत तरी वाच." सासरी त्याची चेष्टा झाली. अजून फुटलेलं नाही. पण त्या कागदाला भिंगाची गरजही नव्हती. पुतणीनं मोबाइलवरच्या मुळाक्षरांशी एकेक अक्षर ताडून पाहिलं होतं आणि पोरीनं बरोबर लावलं होतं. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत. आधी एक लांब रेघ ओढायची आणि तिला अक्षरं लटकवत जायची, त्यामुळे एक शब्द कुठं संपला आणि दुसरा कुठं लागला हे वाचणाऱ्यानं ठरवायचं. तिनं 'कुणबी'वर थांबवलं होतं. पुढचा 'ण' तिला दिसला होता, पण तो नको होता.

"कुणबी नाही," मी म्हटलं, "कुणबीण आहे."

"मंग तेच की!" त्यानं मांडीवर थाप मारली. "पाटलाची पाटलीण, कुणब्याची कुणबीण. बाईमाणसाचं लिवलंय, एवढंच."

"आणि मॅडम, इथल्या शाळेच्या जुन्या स्मरणिकेत हा शब्द आलाय," पुतणी म्हणाली. "तिथं अर्थ दिलाय. नवरीसोबत धाडलेली पाठराखीण." तिनं मोबाइलवर त्या पानाचा फोटो माझ्यापुढं धरला.

बाई, ते पान माझं होतं. छापायला देण्यापूर्वी मी ते तीनदा स्वच्छ लिहून काढलं होतं. खाली कुणाचं नाव नव्हतं, पण 'पाठराखीण' हा शब्द चुकून नाही, जाणूनबुजून घातला हे जगात दोनच माणसांना माहीत होतं, आणि त्यातल्या एका माणसाला मी आज हे लिहिते आहे.

तुम्हाला तो दिवस आठवत असेलच. मला तुमच्या शाळेत नोकरीला लागून वर्ष झालं नव्हतं. ज्या शाळेत तुमच्याकडून छड्या खाल्ल्या त्याच शाळेत मी तात्पुरती शिक्षिका, खुर्ची शिक्षकखोलीच्या दारातली, ऊन येणारी. पाण्याच्या टाकीपाशी नववीच्या दोन मुली भांडत होत्या आणि एकीनं दुसरीला 'बटकीचे' अशी शिवी हासडली. तुमच्या जागी मी असते तर कानाखाली दिली असती. तुम्ही दोघींना वर्गात नेलंत आणि विचारलंत, "बटीक म्हणजे काय गं?"

"शिवी, बाई."

"ते मलाही ऐकू आलं. पण ही बटीक कोण? कुठं राहते?"

वर्ग हसला. मग तुम्ही फळ्यावर एक यादी लिहिलीत. शेजारच्या वर्गावर मी भूगोल शिकवत होते, आणि मधल्या खिडकीला तेव्हा झडप नव्हती, म्हणून मला सगळं दिसलं. आमच्या संस्थेच्या अध्यक्षांनी, ज्यांना सगळं गाव अप्पा म्हणायचं, आपल्या घरचा कागदांचा रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेला गठ्ठा, तुम्हाला वाचायला दिला होता. शाळेच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत त्यांच्या पराक्रमी पूर्वजावर चार पानं यावीत एवढीच त्यांची इच्छा. तुम्हाला त्या रुमालात आंदणाची यादी सापडली. लेकीच्या लग्नात माहेरानं काय काय दिलं त्याची. तांब्याचे हांडे, समया, दुभती म्हैस एक, कुणबीण एक, घोंगड्या. कुणबिणीपुढं नाव होतं आणि उमर वर्षे नऊ.

"यातलं जिवंत काय काय?" तुम्ही विचारलंत.

"म्हैस!" अख्खा वर्ग ओरडला.

तुम्ही खडू हातात धरून उभ्या राहिलात. बऱ्याच वेळानं मागच्या बाकावरून एक मुलगी चाचरत म्हणाली, "बाई, कुणबीण पण." मग तुम्ही सांगितलंत, की कुणबीण म्हणजे नेहमी कुणब्याची बायको नव्हे, जुन्या कागदांत तो विकत घेतलेल्या, नाहीतर दान दिलेल्या बाईसाठीचा शब्द आहे, बटीक म्हणतात ती हीच. दुष्काळात पोटची पोर विकणारे आईबाप असायचे, फौजेनं धरून आणलेल्या बाया असायच्या, आणि बटकीच्या पोटची पोर जन्मतःच धन्याची. हे सगळं सातासमुद्रापार नाही, आपल्या किल्ल्याच्या सावलीत. ज्या मुलीनं शिवी दिली होती ती रडायला लागली. तुम्ही तिला गप्प केलं नाहीत.

चौथ्या दिवशी अप्पा शिक्षकखोलीत येऊन बसले. ओरडणारे नव्हते ते. चहा मागवला, स्वतः सगळ्यांना कप दिले. "बाई, आमच्या घरात लेकीसुनांना लई मान. गुलाम-बिलाम ते तिकडं अमेरिकेत. इथं कुठलं आणलं तुम्ही?"

"मी कुठून आणू, अप्पा? कागद तुमच्याच घरचा आहे."

"कागद काय म्हणतो ते मला कळत न्हाय, तुम्हाला कळतं. बरोबर? पण तुम्हाला एकटीलाच कळतं असं तर न्हाय ना?" आणि ते दाराकडं वळले, जिथं उन्हात माझी खुर्ची होती. "तुमचीच चेली हाय ही. सांगा मॅडम, कुणबीण म्हंजे काय?"

मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले की मला तेव्हा नीट माहीत नव्हतं. नोकरी तात्पुरती होती हे खरं. पण दुसरंही खरं आहे, ते आजवर कुणाला बोलले नाही. तो कागद तुम्ही मला आधी दाखवला नव्हता. मोडी तुम्ही शिकवलीत, तुमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून मी शेकडो ओळी लावल्या, आणि एवढा मोठा कागद हाती लागल्यावर तुम्ही तो आधी नववीच्या पोरींना दाखवलात. मला राग होता. एकदा तरी चारचौघांत तुमच्याहून जास्त समजतं असं दिसावं, अशी हाव होती. मी उभी राहिले आणि म्हणाले, "सरळ अर्थ कुणब्याची बाई. नवरीबरोबर सोबतीला धाडलेली. पाठराखीण असणार."

"बघा!" अप्पा हसले. "पाठराखीण! किती गोड शब्द हाय."

तुम्ही चष्मा काढलात. "पाठराखीण पाच दिवसांनी माघारी येते," तुम्ही म्हणालात, अप्पांना नाही, मला. "ही कधी आली, तेवढं सांग."

"ते कागदात नाही," मी म्हटलं. आजही तो स्वर माझ्या कानात आहे. वर्गात चुकीचं उत्तर ठणकावून देणाऱ्या पोरींचा असतो तसा.

संध्याकाळी मी तुमच्याकडं आले. का आले कुणास ठाऊक. न येण्याचं धैर्य नव्हतं म्हणून असेल. बसस्टँडमागच्या त्या दोन खोल्या, तव्यावर भाकरी, हाताला पीठ. तुम्ही वळूनही न बघता म्हणालात, "बस." मी बसले. भाकरी उलटली, फुगली, तुम्ही ती ताटात टाकलीत, शेंगांची चटणी वाढलीत, वर तेलाची धार सोडलीत. माझा हात पुढं होईना. "खा," तुम्ही म्हणालात, "रागावून उपाशी धाडायला मी काय तुझी सासू आहे?" मला हसू आलं आणि वाटलं, मिटलं. मग दुसरी भाकरी थापता थापता तुम्ही बोललात. "तू चुकली असतीस ना, तर मी लाल शाईनं खोडलं असतं आणि विसरले असते. तू चुकली नाहीस." एवढंच. त्यानंतर तुम्ही मला शाळेतल्या वेळापत्रकाबद्दल काहीतरी विचारलंत आणि मी सांगितलं.

स्मरणिकेचं लेखन माझ्याकडं आलं. तुमचा लेख दोन पानांचा होता. त्यातली दीड पानं गेली. आंदणाची यादी राहिली, घराण्याच्या श्रीमंतीचा पुरावा म्हणून. 'कुणबीण'पुढं कंसात मी 'नवरीसोबत धाडलेली पाठराखीण' असा अर्थ लिहिला, आणि मुलीचं नाव व वय गाळलं. पाठराखिणीचं नाव कशाला हवं? जूनमध्ये मी कायम झाले. एका गोष्टीमुळं दुसरी झाली असं मी म्हणत नाही. पण ती वेगळी करायचा मी कधी प्रयत्नही केला नाही.

त्यानंतर तुम्ही इतिहास पुस्तकाप्रमाणं शिकवलात, पान संपलं की पुस्तक मिटलंत. मी पुढं मुख्याध्यापिका झाले. वर्षानुवर्षं अमेरिकेतल्या गुलामगिरीचा धडा मी शिकवला, आणि उत्तम शिकवला. जहाजं, साखळ्या, कापसाची शेतं. पोरींचे डोळे भरायचे. दर हिवाळ्यात त्याच पोरींना रांगेनं किल्ल्यावर नेऊन मी खंदक दाखवला, तोफा दाखवल्या, बुरूज मोजून घेतले. एवढ्या मोठ्या किल्ल्यात पाणी कोण वाहत होतं, दळण कोण दळत होतं, असं कुणी विचारू नये अशा बेतानं मी पोरींना भराभर पुढं काढायची. माझी शिस्त तालुक्यात नावाजलेली होती. शिस्तीचा एक उपयोग हाही असतो, बाई, की प्रश्नाला उभं राहायला वेळ मिळत नाही.

तुम्ही निवृत्त होऊन अणदूरला भावाकडं गेलात. मी एकदा आले होते, शाळेतर्फे शाल घेऊन. खंडोबाच्या देवळाकडून येणारा हलगीचा आवाज, तुमच्या भावजयीनं अंगणात वाळत घातलेल्या कुरडया, आणि तुम्ही बाजेवर, केवढ्याशा झालेल्या. शाल बाजूला ठेवून तुम्ही मला जवळ बोलावलंत आणि हळूच विचारलंत, "आली का गं ती माघारी?"

मला कळलं होतं. तत्क्षणी कळलं होतं. "कोण, बाई?" मी म्हटलं.

तुम्ही चहाचा कप माझ्याकडं सरकवलात. "कुणी नाही. चहा घे."

पुढच्या वर्षी तुम्ही गेल्याचा फोन आला. शाळा अर्धा दिवस सोडली. शोकसभेत मी तुम्हाला मितभाषी म्हटलं. मितभाषी! तुमच्या वर्गाचा आवाज एकेकाळी फाटकापर्यंत यायचा.

तर परवाचं सांगते. मी त्या माणसाला म्हटलं, "स्मरणिकेतलं चूक आहे." पुतणीनं विचारलं, "कुणी लिहिलं होतं ते?" मी म्हटलं, "खाली नाव नाही." खोटं बोलले नाही. मग पिशवीतले बाकीचे कागद मागितले, कारण एका ओळीवर मला कुणाचं मन मोडायचं नव्हतं. आठ-दहा कागद होते. सातवा कागद म्हणजे एक पत्र होतं, त्याच्या पूर्वजानं दुसऱ्या गावच्या पाटलाला लिहिलेलं. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यात लिहिलं होतं की लेकीच्या आंदणात दिलेली कुणबीण पळाली आहे, तुमच्या गावाकडं आली असल्यास धरून धाडून द्यावी.

त्या माणसानं पत्र माझ्या हातून घेतलं. "म्हंजे दिलेलं माणूस? भांड्यागत?"

"हो."

"आमच्यात?"

"तुमच्यात. आणखी पुष्कळांच्यात."

"आन् पळाली?"

"पळाली."

"बरं केलं," तो म्हणाला. मग पुढं सरकून, अगदी हलक्या आवाजात, "घावली का वो, मॅडम?"

बाई, तुम्ही विचारलेला प्रश्न त्यानं उलटा विचारला. ती माघारी आली का, असं तुम्ही विचारत होतात, कारण माघारी येऊ दिलं असतं तर ती पाठराखीण ठरली असती. आणि हा मनातून म्हणत होता, ही माघारी आलेली नसू दे. आम्ही तिघांनी उरलेले कागद दुपारपर्यंत चाळले. पुतणीनं पिशवी उलटी करून झटकली. त्या पत्राचं उत्तर नव्हतं.

त्याला हवी ती नोंद मिळाली नाही. मला वाटलं, चिडून उठेल. तो उठला, कागद पिशवीत घातले, आणि म्हणाला, "मी गावच्या शाळा समितीवर हाय. हे पोरास्नी सांगा की तुमी येऊन. आमच्या घरचं म्हणूनच सांगा, आडपडदा नको." पुतणी म्हणाली, "काका, लोकं काय म्हणतील?" तो म्हणाला, "म्हणतील तर म्हणू दे. तिनं एवढी वाट तुडवली ती लोकांला इचारून व्हय?" दिवसभरात त्याचं हे एकच वाक्य मी वहीत लिहून ठेवलं.

काल मी गेले. सातवीचा वर्ग, पस्तीसेक मुलं. तुमच्यासारखीच सुरुवात केली. हल्ली लग्नात आंदण काय देतात, विचारलं. फ्रिज, कूलर, कपाट, दिवाण. फळा भरला. मग पूर्वी हांडे, समया, म्हैस देत ते सांगितलं, आणि मग ते पत्र. एकदम सगळे बोलायला लागले.

"बार्शीकडं गेली असंल, मॅडम. तिकडं मोठा बाजार, कोण वळखत न्हाय."

"येडा हाईस का? बाजारात तर लगीच धरत्याल. करमाळ्याकडं गेली असंल."

"मधी सीना हाय की! पवायला येत हुतं का तिला?"

"उन्हाळ्यात पाणी नसतंय. तिनं उन्हाळा बघूनच काढला असंल पळ."

"खाल्लं काय मंग?"

"हुरडा."

"उन्हाळ्यात हुरडा व्हय रं, शाण्या?"

मी त्यांना गप्प केलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा वर्गात एवढा गोंधळ चालू दिला. सगळी मिळून तिला सोडवायला निघाली होती. मग पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "तिचं नाव काय होतं?"

"या पत्रात नाव नाही," मी म्हटलं.

नाव नाही, ते या पत्रात. तुमच्या यादीतल्या मुलीचं होतं. तुम्ही ते फळ्यावर लिहिलं होतं आणि मी खिडकीतून वाचलं होतं. मग कागदावर वाचलं, लेखात वाचलं, आणि तीनही वेळा स्वच्छ प्रत करताना स्वतःच्या हातानं गाळलं. अप्पांच्या मागं त्यांच्या घरच्यांनी वाडा विकला तेव्हा तो रुमाल कुठं गेला, कुणाला सांगता येत नाही. ते नाव कागदावर वाचलेलं शेवटचं जिवंत माणूस बहुधा मी आहे. आणि मला ते आठवत नाही. काल रात्रभर प्रयत्न केला. तीन अक्षरी होतं. नदीचं असावं किंवा फुलाचं. चुकीचं एखादं नाव बसवून टाकावं असा मोह झाला, तो आवरला. एवढं तरी तुमच्याकडून शिकले आहे.

म्हणून कालच्या वर्गात मी फक्त पळालेल्या कुणबिणीचं सांगितलं. तुमच्या यादीतल्या नऊ वर्षांच्या पोरीबद्दल अवाक्षर काढलं नाही, कारण तिचं सांगायचं म्हणजे तुमचं सांगावं लागलं असतं, आणि तुमचं सांगायचं म्हणजे माझं. तास संपल्यावर तिथल्या मुख्याध्यापकांनी भाषण केलं. चांगला तरुण माणूस आहे. म्हणाले, आपल्या भागातला हा झाकलेला इतिहास मॅडमनी प्रथम उजेडात आणला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी मला विचारलं, "हे तुम्हाला कसं काय समजलं, मॅडम? कुणी शिकवलं का?" सगळी मुलं माझ्याकडं बघत होती. मी म्हटलं, "कागद वाचत राहिलं की समजतं."

त्यांनी मला नारळ दिला. मी घेतला.

पुन्हा जायला हवं. त्याच वर्गात, त्याच मुलांपुढं उभं राहून सांगायला हवं, की परंड्यात एक बाई होत्या, त्यांनी हे माझ्या कितीतरी आधी शिकवलं आणि ते बंद पाडणारी मी. मुख्याध्यापकांचा नंबर माझ्याकडं आहे. तुम्हाला एवढं सगळं लिहिलं, पण सकाळपासून त्यांना फोन केलेला नाही.